सुनेचं उत्तर

“दुसऱ्यांच्या संसारांना मार्क देत फिरतेस, तुझ्या संसाराला कोण देणार?” केळफूल सोलता सोलता मंदाबाईंनी सुनेला सुनावलं.

“मी संसारांना मार्क देत नाही, आई. योजनांना देते,” पूर्वी म्हणाली.

वाद सकाळपासून चालला होता. पूर्वीला तिच्या संस्थेनं कचेरीत बसून करायची नोकरी देऊ केली होती. सोमवारी कामण गावच्या पाहणीचा अहवाल दिला की वणवण संपली. कुटुंबांसाठी निघालेल्या योजनांचा खरंच उपयोग होतो का, हे घरोघर जाऊन तपासण्यात तिची उमेदीची वर्षं गेली होती. इथे सांडोरात शेजारीपाजारी अजून तिला जनगणनावालीच समजत.

कामणच्या योजनेत एक ताई बाळंतिणींच्या घरी जायची, बाळाला सांभाळायचं कसं ते आईला आणि बापालाही शिकवायची. पाहणीत मात्र ताई गेलेली घरं आणि न गेलेली घरं सारखीच निघाली. सगळीकडे एकच उत्तर: आमच्याकडे सगळं छान. फरकच नाही म्हटल्यावर योजना बंद पडणार होती.

“नोकरीचं तुला स्वतःला काय वाटतं?” निमिषनं बायकोला विचारलं.

“तिला काय वाटायचंय? थकली ती. घेणार ती नोकरी,” मंदाबाई म्हणाल्या.

“अगं, तिला विचारलंय,” सासरे हरिश्चंद्रराव पेपराआडून बोलले.

“मग तिचंच सांगते ना मी! इतकी वर्षं एका घरात राहून एवढंही कळत नाही होय?”

निमिष हसला. पूर्वीला हसू आलं नाही. कामणच्या ओट्यांवर हेच तर चाललं होतं. प्रश्न सुनेला, उत्तर सासूचं, आणि सून नुसती मान हलवणार. तेच ती सुनेचं म्हणून लिहून घेत आली होती.

पाहणीच्या वेळी कामणच्या भागूबाईंची सून संजना तिला रिक्षापर्यंत सोडायला आली होती. “मॅडम, त्या ताई आल्या ना, तेव्हापासून आमचे हे पोराला आंघोळ घालतात,” ती हळूच म्हणाली होती. “घरात नका बोलू हां. सासूला वाटतं, मीच कामाला लावलं.”

पूर्वीनं ते गप्पा म्हणून सोडून दिलं होतं. म्हणजे फरक पडला होता! ओट्यावर तो बोलायची सोय नव्हती.

ती उठली.

“थकलेय, हे खरं आहे, आई. पण अहवाल सोमवारी जाणार नाही. कामणच्या सगळ्या सुनांना मी परत भेटणार, सासू नसेल तिथे. ती नोकरी मी घेत नाहीये.”