एफ बाराचं बटण

माउसला हात लावणं मला तेव्हा कमीपणाचं वाटायचं. नवा रायपुरातल्या ज्या संस्थेत मी कंत्राटावर काम करते, तिथले बाकीचे लोक आधी मेनू उघडणार, मग त्यात शोधणार, मग एकदाचं 'रन'वर टिचकी मारणार. मी त्यांच्या मागे उभी राहून दातओठ खायची. माझं सगळं बोटांवर. कोड एडिटरमध्ये मी प्रत्येक कामाला एकेक बटण ठरवून ठेवलं होतं, आणि त्यातलं सगळ्यात लाडकं एफ बारा. ते दाबलं की त्या दिवसाची स्क्रिप्ट, म्हणजे यादी वाचून पटापट काम उरकणारा छोटा प्रोग्रॅम, लगेच सुरू. समोर कोणतीही फाईल उघडी असो. 'नक्की चालवू का?' असं ती स्क्रिप्ट पूर्वी विचारायची, तो प्रश्न मीच काढून टाकला होता. रोज काय तेच तेच विचारायचं?

शेजारच्या टेबलावर काकू बसायच्या. सगळं ऑफिस त्यांना दीदी म्हणायचं, मी एकटीच काकू म्हणायची. त्यांचं माहेर वर्ध्याकडचं, आमचं मूळ अमरावतीचं, आणि शंकर नगरहून येताना बसमध्ये मराठी बोलणाऱ्या आम्ही दोघीच. यजमान रेल्वेतून निवृत्त झालेले, मुलगी कॉलेजात. माझ्यासारखंच कंत्राट, फक्त माझ्यापेक्षा कितीतरी जुनं. हिंदी टायपिंगमध्ये त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. खिडकीबाहेर बघत, माझ्याशी भाजीच्या गप्पा मारत पान उतरवायच्या. त्यांच्या मशीनवर इंग्रजीतून हिंदीत जायचं तर एफ बारा दाबायचं, परत यायचं तरी एफ बारा. वर्षानुवर्षं दाबून बोट आपोआप तिकडे जायचं. हे मला माहीत होतं. माहीत असून मी माझ्या मशीनवर त्याच बटणाला स्क्रिप्ट जोडली होती, आणि तसं कधी कोणाला सांगितलं नव्हतं.

वसतिगृहाच्या प्रवेशाचे दिवस होते. ज्या मुलींना खोली मिळाली नाही त्यांना मोबाइलवर तसा संदेश पाठवायची स्क्रिप्ट मी तयार ठेवली होती. यादीत मात्र अजून सगळ्याच मुली होत्या. खोली मिळालेल्यांची नावं मी जेवणानंतर काढणार होते. त्यातल्या काही नावांचं हिंदी बिघडलं होतं, आणि काकूंचं मशीन नेमकं सकाळपासून बंद. मी म्हटलं, "काकू, माझ्या जागेवर बसा आणि तेवढी नावं नीट करा. मी चहा घेऊन येते."

परत आले तर काकू वैतागलेल्या. "काहून ग, तुझ्या कंप्यूटरमध्ये हिंदी नाही होऊन राहिली? तीनदा दाबलं मी!"

मी स्क्रीनकडे पाहिलं. खालच्या काळ्या पट्टीत नावं सरसर वर चालली होती. 'आपका आवेदन निरस्त किया गया है', म्हणजे अर्ज रद्द, हा संदेश यादीतल्या प्रत्येक मुलीला गेला होता, आणि एकदा नाही, तीनदा. थोड्या वेळात फोन सुरू झाले. दुपारी बाप लोक गॅलरीत येऊन उभे राहिले. कांकेरहून बसने येणारी एक मुलगी संदेश वाचून वाटेत धमतरीलाच उतरली आणि घरी परत गेली. तिचा मामा फोनवर जे बोलला ते इथे लिहिता येणार नाही, पण एकही शब्द चुकीचा नव्हता. दुसऱ्या दिवशी माफीचे संदेश गेले, ज्यांच्या खोल्या होत्या त्यांना त्या मिळाल्या, ती मुलगीही आली. पण हे पुढचं.

त्या दुपारी साहेब आमच्या खोलीत येण्याआधी मी एक काम केलं. सेटिंग उघडून एफ बाराची ओळ पुसली. तीसुद्धा शॉर्टकटनेच, सवय म्हणून.

साहेबांनी विचारलं, "यहाँ कौन बैठा था?"

काकू उभ्या राहिल्या. "मैं बैठी थी सर. मुझसे ही कुछ दब गया होगा."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "मैं चाय लेने गई थी, सर."

ते खरंच होतं, आणि त्याच्याइतकं खोटं मी जन्मात बोलले नाही. साहेबांनी मान हलवली आणि वहीत काहीतरी लिहून घेतलं.

संध्याकाळी बसमध्ये काकू म्हणाल्या, "माझी उमर झाली बाई आता. पाह्य ना, काय करून बसली मी! कोणाकोणाच्या पोरी रडल्या असतीन." मी त्यांचा हात हातात घेतला. हात घेण्याऐवजी तोंड उघडायला हवं होतं. महिना संपला तेव्हा माझं कंत्राट पुढे वाढलं, काकूंचं वाढलं नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. चोर रोज खिडकीजवळच्या त्याच सीटवर बसून ऑफिसला जात होता. त्यांना यजमानांची पेन्शन आहे, मला माझ्याशिवाय कोण आहे, अशी समजूत मी स्वतःची घालायची. दोन थांबे जाईपर्यंत ती पुरायची.

दिवाळी झाल्यावर काकूंचा फोन आला. मुलीचा कसलासा ऑनलाइन फॉर्म भरायचा होता, येशील का म्हणाल्या. मला नवल वाटलं. फॉर्म भरायला काकूंना मी कशाला हवी? मी गेले तेव्हा मुलीनेच दार उघडलं. "मम्मी अब कंप्यूटर को हाथ नहीं लगाती दीदी. मुझे भी नहीं भरने देतीं." काकू मागून आल्या आणि लॅपटॉप माझ्यासमोर सरकवला. "तूच कर बाई. माझ्या हाताचा भरवसा नाही राहिला. मोबाइलवर कोणाले काही पाठवायचं तरी भेव लागते मले. एवढंच सांग, त्या दिवशी दबलं तरी काय माझ्याकडून? रोज आठवून राहिली मी."

नोकरी गेली हे मला माहीत होतं. हात गेला हे माहीत नव्हतं. मला माझी इतकी किळस आली की एक अक्षरही टाइप होईना.

"काकू, तुमच्याकडून काही झालं नव्हतं," मी म्हणाले, आणि सगळं सांगितलं. एफ बाराला मी काय जोडलं होतं ते, काढून टाकलेला प्रश्न, साहेब येण्याआधी पुसलेली ओळ.

काकूंनी स्वतःच्या बोटांकडे पाहिलं. मग विचारलं, "म्हणजे मी हिंदीसाठीच दाबलं होतं ना?"

"हो."

"दुसरं काही नाही ना दाबलं?"

"नाही काकू. तुमचं बरोबरच होतं."

"मग तेव्हा काहून नाही सांगतलं?"

"नोकरी जाईल म्हणून."

"गेलीच ना," त्या म्हणाल्या. "माझी."

त्यांनी लॅपटॉप माझ्यासमोरून आपल्याकडे ओढला आणि मुलीला हाक मारली, "इकडे ये, मी भरते फॉर्म." माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तू जाय आता."

मी बाहेर येऊन चप्पल घालत होते. आत काकू मुलीला विचारत होत्या, "हे दाबलं तर काही होणार नाही ना?"