पातीच्या कांद्याचा हार

वकिली त्यांनी कधीच सोडली होती, तरी सगळे त्यांना वकीलसाहेबच म्हणत. साठी उलटल्यावरही इंग्रज सरकारने त्यांना अकोल्याच्या तुरुंगात ठेवलं होतं. ते सुटून अमरावतीला येणार होते तेव्हा मी माहेरपणाला आले होते. आमचा फुलांचा आणि भाजीचा मळा शहराला लागूनच.

आदल्या दिवशी फौजदार मळ्यात आला. उद्या एकही फूल बाजारात दिसता कामा नये, वकीलसाहेबांना हार घालायला बंदी आहे, असं वडिलांना बजावून गेला. वडिलांनी मान हलवली. माझी विधवा आत्या वाफ्यात निंदत होती. तिने ते ऐकलं.

सकाळी तिने पातीचे कांदे उपटले, हिरव्या मिरच्या तोडल्या आणि मला सुतळी आणायला सांगितली. आम्ही दोघींनी हार ओवला.

स्टेशनावर लोक रिकाम्या हातांनी उभे होते. वकीलसाहेब काठी टेकत उतरले. आत्या सरळ पुढे गेली आणि तिने हार त्यांच्या गळ्यात घातला. आधी हशा झाला, मग जयजयकार. फौजदार धावत आला.

आत्या त्याला म्हणाली, "हुकूम फुलाचा हाये. भाजीले कोनं बंदी केली?"

त्याने तिला ठाण्यात नेलं. तिकडे सभेसाठी मैदान भरलं होतं, पण वकीलसाहेब सभेला गेले नाहीत. हारासकट ठाण्याच्या पायरीवर जाऊन बसले. नुकतेच सुटलात, घरी जा, असं फौजदाराने त्यांना परोपरीने विनवलं.

"या बाईले काहून धरलं, तेवढं सांगा," ते म्हणाले. "मंग मी जातो."

ते कोणालाच सांगता येईना. ऊन चढलं, पात कोमेजली, मिरच्या त्यांच्या मानेला झोंबत असणार. हार त्यांनी काढला नाही. लोक मागे बसत गेले. मीही भर रस्त्यात बसले. सासरी कळेल, ही भीती मनात आली आणि तिथेच गेली. दुपारी वरचा साहेब आला आणि त्याने आत्याला सोडून दिलं.

पुढे देश स्वतंत्र झाला. राज्यघटना करायला दिल्लीत जे बसले, त्यांत वकीलसाहेब होते. परतल्यावर एकदा मळ्यात आले, तेव्हा आत्याने विचारलं, आता आमाले कोनी असं धरून नेईन काय?

"नेतीन," ते म्हणाले. "पन काहून नेलं, ते आता त्याहिले सांगाच लागन."

"अन नाही सांगितलं त?"

"त उठू नका."