कळवतोय, सर

विद्यापीठाच्या महासंगणकावर कुणाचं काम कधी चालवायचं, हे ठरवणारे चाचा स्वतः कंत्राटी होते. प्राध्यापकांनाही ते "रांग हाय, बेटा," म्हणायचे.

त्या दिवशी कन्नड तालुक्यातल्या एका मुलीचा पावसावरचा प्रबंध, पावसाचं गणित चालवायला यंत्र मिळत नसल्यानं, अडला होता आणि मुदत सोमवारी संपत होती. विभागप्रमुखांनी स्वतःसाठी राखून ठेवलेली महासंगणकातली यंत्रं मात्र आठवडाभर रिकामी होती. चाचांनी त्यांना फोन लावला.

"सर, तुमची यंत्रं या पोरीला देतोय."

"माझी परवानगी कुठाय?" पलीकडचं ओरडणं, माझं काम घेऊन रांगेत उभ्या असलेल्या मलाही ऐकू आलं.

"मागत नाय, सर. कळवतोय."

मी कामगारांच्या हक्कांची इतकी पत्रकं वाचली, पण हा आवाज त्यांत नव्हता. नोंदवहीतल्या 'कुणाच्या आदेशानं' या रकान्यात चाचांनी स्वतःचं नाव लिहिलं आणि मुलीला म्हणाले, "लाव तुझा पाऊस."