फ्रिजच्या दारातलं पेन

वहिनी दिवसातून दहादा चांगल्या डोळ्यावर तळहात धरते आणि दुसऱ्या डोळ्याने भिंतीवरचं घड्याळ बघते. त्या डोळ्याला बारा दिसतात, सहा दिसत नाहीत. खालचा अर्धा भाग नुसता राखाडी.

शुगर आणि वजनासाठी ती दर गुरुवारी इंजेक्शन घ्यायची. वजन उतरलं, आणि एका सकाळी डोळा असा झाला. डॉक्टर म्हणतात, "इंजेक्शननं असेल, शुगरनंही असेल. नक्की सांगता येत नाही." आता इंजेक्शनच्या कंपनीवर दावा लावलाय. वकिलांच्या सांगण्यावरून ते अर्धवट वापरलेलं इंजेक्शनचं पेन पुरावा म्हणून फ्रिजच्या दारात आहे, आणि निकालापर्यंत बाहेर अवाक्षर काढायचं नाही.

माणूस आपलं दुखणं चार जणांना सांगून मोकळा तरी होतो. हिची तीही सोय राहिली नाही. कोथिंबिरीशेजारी ते पेन गारेगार पडलंय आणि आम्ही दोघी त्याची राखण करतोय.

काल शेजारच्या सुनंदाताई विरजण मागायला आल्या. वहिनीने फ्रिज उघडला.

"हेच का गं ते वजनाचं इंजेक्शन? किती बारीक झालीस! मलाही डॉक्टरांनी सुचवलंय. घेऊ ना?"

वहिनीने माझ्याकडे पाहिलं. मी वाटीत विरजण काढत राहिले.

"डॉक्टरांनाच विचारा, ताई," वहिनी म्हणाली.

"त्यांना विचारलंय. तू सांग."

वहिनीचा तळहात सावकाश चांगल्या डोळ्यावर गेला. घड्याळाकडे तिने बघितलंच नाही, तोंड सुनंदाताईंकडेच होतं.

सुनंदाताई तिच्याहून वीतभर ठेंगण्या आहेत. उरलेल्या डोळ्याला, खालच्या राखाडी भागात, त्या दिसत नाहीत.