ठोकताईंचा कान

ठोकताईंचं खरं नाव बाजारात कुणाला ठाऊक नाही. जुन्या गाड्यांची किंमत ठरवायचं काम बाई वर्षानुवर्षं करतात, आणि करतात ते बोटांच्या पेरांनी. पत्र्यावर टकटक करत गाडीभोवती फिरायचं. टण् वाजलं तर पत्रा अस्सल, ढप् वाजलं तर आत पोचा बुजवलेली पुट्टी. लग्न ठरण्याआधी त्यांनी नवऱ्याचं डोकंही असंच ठोकून पाहिलं होतं, असं दलाल मंडळी सांगतात. खरंखोटं तेच जाणोत. संसार मात्र टण् चालला आहे.

त्या सकाळी ठोकायची होती ती सख्ख्या थोरल्या भावाची गाडी. गडद निळी, ऐसपैस, डॅशबोर्डला लाकडाची पट्टी, सीटचं चामडं लोण्यासारखं मऊ. दादा तिला इतके जपत की शिंक आली तर गाडी थांबवून बाहेर उतरून शिंकत. आता गुडघ्यामुळे क्लच दाबवेना, म्हणून विकायला काढलेली. गिऱ्हाईक दातांचे डॉक्टर. त्यांना दादांनी छातीठोकपणे सांगितलं होतं, "एकहाती गाडी आहे. माझ्याशिवाय स्टिअरिंगला कुणाचा हात नाही आणि अंगावर ओरखडा नाही." डॉक्टर म्हणाले, "ठोकताईंनी तसं लिहून दिलं, तर तुम्ही म्हणाल ती किंमत."

"चहा आधी की सही आधी?" दादांनी विचारलं.

"आधी ठोकते."

बॉनेट टण्. छत टण्. उजवी बाजू टण्. डावीकडच्या मागच्या दरवाजाशी पेरं थबकली. ढप्. तिकडे पायरीवर उभ्या वहिनींच्या हातातला कप बशीत वाजला.

"दादा, इथे पुट्टी आहे."

"पुट्टी तुझ्या कानात असेल!"

"कान कालच साफ केलेत."

दादा तांबडेलाल झाले. "घरच्या गाडीला तरी सोड! एकहाती लिही आणि मोकळी हो. नाहीतर माहेर संपलं समज."

आता आली पंचाईत. खोटं लिहावं तर उद्यापासून बाजारात या टकटकीला सुतारपक्ष्याइतकीच किंमत. खरं लिहावं तर हे फाटक कायमचं बंद. ताईंनी पेनाचं टोपण काढलं.

"माहेर संपलं तर रडेन, दादा. पोटभर रडेन. पण ढप्‌ला टण् लिहिणार नाही."

"वन्सं, दुहाती लिहा," पायरीवरून आवाज आला. "दुसरा हात माझा."

दादांनी बायकोकडे असं पाहिलं, की जणू गाडीच बोलली.

"तुम्ही परगावी नोकरीला होतात तेव्हा शिकले. फाटकाच्या खांबाला घासली. गॅरेजवाल्याकडून रंग जुळवून घेतला. तुम्हाला कळलं असतं तर मलाच विकायला काढलं असतं!"

ताईंना हसू आवरेना. दादांना मात्र राग कुठे ठेवावा हेच कळेना. शेवटी ते पुटपुटले, "मग... आता येते का नीट?"

वहिनींनी किल्ली घेतली, गाडी रिव्हर्समध्ये टाकली आणि त्याच खांबाला वळसा घालून अलगद रस्त्यावर काढली. दादा मुकाट्याने शेजारी बसले. ठोकताई मागे.

"चला, डॉक्टरांकडे," वहिनी म्हणाल्या. "मीच सांगते त्यांना. किंमत उतरली तर उतरू दे."

दादांनी काच खाली केली आणि ते तोंड बाहेर काढून शिंकले.

मागच्या सीटवर ताई लिहीत होत्या: इंजिन उत्तम. डावा मागचा दरवाजा दुरुस्त केलेला. गाडी दुहाती, दुसरा हात पहिल्यापेक्षा बरा.