सिमालोई आत्याचं कोरडं तोंड

आमच्याकडे, नैरोबीजवळच्या काजियाडोत, नवरी सासरी निघाली की थोरल्या बायका तिच्या कपाळावर थुंकून आशीर्वाद देतात. माझ्या लग्नात सिमालोई आत्याची पाळी आली तेव्हा तिनं नुसतेच ओठ हलवले. कपाळ कोरडंच.

"आत्या, थुंकीसुद्धा जपून ठेवतेस का गं?" मी सगळ्यांसमोर म्हणाले. बायका खिदळल्या.

पुढं दोन वर्षं माझी कूस उजवली नाही, तेव्हा तेच मी न हसता बोलू लागले. आत्याच्या मनात खोट, म्हणून तोंड कोरडं. मला मुलगी झाली तेव्हा बाळाला आशीर्वाद द्यायला आत्याला बोलावलंदेखील नाही. काजियाडोतल्या इतर घरांनीही मग आशीर्वादाला तिला टाळलं.

आत्या मण्यांचे गळपट्टे ओवायची. डोळ्यांत वाळू गेलीय म्हणायची. मक्याच्या पिठाच्या घट्ट उगालीचा घास पाण्याशिवाय उतरायचा नाही. "नखरे!" मी म्हणायचे.

तिचे दात एकामागून एक किडायला लागले तेव्हा मीच तिला नैरोबीला नेलं. डॉक्टर केमुंतो म्हणाल्या, "मावशी, खालच्या ओठाच्या आत लाळेच्या बारक्या ग्रंथी असतात. जागा बधिर करून चार-पाच काढू आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघू."

"केवढ्या?"

"तुमच्या मण्यांएवढ्या."

"बारीक मणी की जाडे?"

"बारीक."

"मग घे बाई. तेवढे तर माझे रोज सांडतात."

दोन आठवड्यांनी निकाल आला. "यांचं शरीर स्वतःच्याच ग्रंथींवर उलटलंय," डॉक्टर म्हणाल्या. "ग्रंथींत पांढऱ्या पेशींचे पुंजके साठलेत. थुंकी येणार कुठून?"

"सहा वर्षांपूर्वी... माझ्या लग्नात?"

"तेव्हाही तोंड कोरडं पडत होतं का, मावशी?"

"त्याच्याही आधीपासून," आत्या म्हणाली. माझ्याकडे तिनं बघितलंसुद्धा नाही.

परतीच्या बसमध्ये मी पुटपुटले, "आत्या, चुकले मी."

"इथं कोण ऐकतंय? चारचौघांत बोललीस, चारचौघांत परत घे."

बाजाराच्या दिवशी मणीवाल्या बायकांसमोर मी उभी राहिले. "आत्याच्या तोंडात थुंकीच येत नाही. आजार आहे तिला. मीच तेव्हा..." पुढचं मी खाली बघून पुटपुटले.

"मोठ्यानं बोल की!" थोरल्या रेसियातोबाई ओरडल्या. "तेव्हा तर गुरांनाही ऐकू गेलं होतं."

कुणी हसलं नाही. आत्या बाटलीतलं पाणी घोटाघोटानं पीत माझ्याकडे बघत राहिली. मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. मुलीच्या वेळी तिला का बोलावलं नाही, तेही सांगितलं.