काच पुसत गेलेली गाडी

निवृत्त झाल्यापासून नोकरीतले प्रसंग सांगायला मला बरेचदा बोलावतात आणि मी सांगतोही. दरोड्याचे सांगतो, घाटातल्या लुटीचे सांगतो. एक प्रकरण मात्र मी नेहमी बाजूला ठेवत आलो. बायकोलाही ते अर्धंच माहीत आहे. आता वय झालं आहे, म्हणून पूर्ण लिहून ठेवतो. नावं कुणाचीच देत नाही.

मुरबाड तालुक्यातल्या एका पोलीस ठाण्याचा मी प्रभारी होतो. मे महिन्यातली संध्याकाळ होती, उजेड पुरता गेला नव्हता. धसईचा बाजार करून एक वयस्कर ठाकूर आदिवासी आणि त्याची बायको वाडीकडे पायी परतत होते. बायको फाट्यावर पाटी टेकवून दम खायला बसली, म्हातारा सरळ रस्त्याने पुढे निघाला. थोड्याच वेळात एका गाडीने त्याला उडवलं आणि ती न थांबता निघून गेली. दवाखान्यात नेईपर्यंत तो संपला होता.

पंचनामा करून मी म्हातारीचा जबाब घ्यायला बसलो. ती रडत नव्हती, रस्त्याकडे बघत होती.

"पांढरी गाडी आली, धसईकडनं," ती म्हणाली. "माझ्याम्होरं आली न काच पुसाय लागली."

"कोण पुसत होतं?"

"गाडीच. ते हात असतात ना काचेवर, ते हालले. पाऊस नाय, धूल नाय. एकदा पुसली न गेली. मी भ्याले. पदर डोल्यावर घेतला. मंग गाडीचा आवाज झाला न त्याच्यामागं धाडकन झाला."

मी ते लिहून घेतलं. माझा हवालदार त्याच भागातला. तो मला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "साहेब, ही गाडी समद्यांना माहीत हाय. पन कोन बोलनार नाय."

दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवरच्या माझ्या खबऱ्यानेही तेच सांगितलं. फाट्यापासून आत असलेल्या एका गावात परदेशी सून राहते. नवरा इथल्याच भातशेतीवाल्या घरातला. नोकरीला परदेशी गेला, तिथे लग्न केलं, आजारी पडला तेव्हा तिला घेऊन गावी आला आणि काही महिन्यांत वारला. ती परत गेली नाही. म्हाताऱ्या सासऱ्यापाशी राहिली. नवऱ्याची पांढरी गाडी आता ती चालवते आणि ती गाडी कोरड्या हवेत काच पुसते.

"लोक म्हनतात, तो आतून पुसतो," खबऱ्या म्हणाला. "त्याला घर दिसत नाय ना आता."

मी हसलो. पण तेव्हा माझ्याही अंगावर काटा आला होता, हे आज कबूल करतो.

तिला ठाण्यात बोलावलं. चाळिशीची, उंच, सुती साडी नीट नेसलेली बाई. ती बोलायला लागली आणि ठाणे अंमलदाराने मान वर केली. ती मराठी बोलत होती, आणि तीही थेट धसईची. मराठी तिला नवऱ्याने शिकवली होती आणि त्याच्यापाशी दुसरी मराठी नव्हती.

"मी नाय केला साहेब. मी घरी गेले. सासऱ्याची औषधा आणली व्हती."

गाडीच्या पुढच्या बंपरला पोचा होता. तो गेटच्या खांबाला लागून पडला, असं ती म्हणाली. तिने पर्समधून कागद काढले. तिच्या देशाचं लायसन्स, त्याला जोडलेला आंतरराष्ट्रीय परवाना आणि इथलं कच्चं लायसन्स. पक्कं काढण्यासाठी तिने अर्ज केला होता आणि गाडी चालवून दाखवायची तारीखही लागली होती. आंतरराष्ट्रीय परवान्याची मुदत थोड्याच दिवसांत संपणार होती. त्याआधी पक्कं लायसन्स हातात यायला हवं होतं. सासऱ्याच्या किडन्या गेल्या होत्या. आठवड्यातून दोनदा डायलिसिसला ती त्याला कल्याणला नेत असे.

त्या दिवशी तिचे परदेशी कागद वैध होते. मी ते नीट वाचले नाहीत. कच्चं लायसन्स दिसलं आणि माझ्या डोक्यात शिक्का बसला, की ही शिकाऊ आहे.

"शिकाऊ माणसाच्या शेजारी पक्कं लायसन्सवाला लागतो. तुमच्या शेजारी कोण होतं?"

तिने सहज उत्तर दिलं. "नवरा."

ठाणे अंमलदाराने पेन खाली ठेवलं. तिला आमचे चेहरे दिसले असावेत.

"म्हंजे तो बोलतो," ती म्हणाली. "मला शिकवताना बोलायचा. आमच्याकडं गाड्या उजव्या बाजूनं. म्हनून तो सारखा, डावीकडं गो, डावीकडं. अजून ऐकू येतो. दुसरा कोन बसत नाय माझ्या बाजूला. मी कितीकांना इचारला."

मी हवालदाराला म्हणालो, बाईंना गाडी चालवायला लावून बघू, तू पुढे बस. तो म्हणाला, "साहेब, माझं पेन्शन अजून यायचंय." शेवटी तो मागे बसला आणि मी पुढे.

दार उघडून मी आत बसणार तेवढ्यात ती म्हणाली, "जरा थांबा." शेजारच्या सीटकडे तिने क्षणभर पाहिलं, मग मान हलवली. "बसा."

गाडी दुपारभर ठाण्याच्या आवारात उन्हात उभी होती. मागून हवालदार पाठ भाजली म्हणून कुरकुरत होता. मी बसलो ती सीट गार होती. आवारातल्या जांभळाची सावली त्या बाजूला पडत असेल, असं मी स्वतःला सांगितलं. परत आल्यावर बघायचं राहून गेलं. खरं सांगायचं तर मी बघितलं नाही.

पहिल्या वळणावर काच पुसली गेली. दुसऱ्या वळणावर पुन्हा. हवालदार देवाचं नाव घेऊ लागला. मी तिच्या हातांकडे बघत होतो. इथल्या बहुतेक गाड्यांत इंडिकेटरची दांडी उजव्या हाताला असते, वायपरची डाव्या. तिच्या देशात उलट. वळायचं असलं की तिचा डावा हात सवयीने चालायचा आणि इंडिकेटरऐवजी वायपर फिरायचा. "ह्यो हात ऐकत नाय," ती ओशाळून म्हणाली.

मला वाटलं, उलगडा झाला. भूत गेलं आणि गाडी सापडली. म्हातारीने पाहिलेली गाडी हीच, दुसरी कुठली असणार? मी गाडी आणि तिचे सगळे परवाने जप्त करून मुद्देमालात जमा केले आणि रंगाचे नमुने तपासणीला पाठवले. वरिष्ठांनी फोनवर शाबासकी दिली.

त्यानंतर ती अनेकदा ठाण्यात आली. बाकावर बसायची, बोलावलं की उठायची.

"साहेब, गाडी नको. निस्ता लायसन्स द्या. परीक्षेची तारीख हाय. मी दुसरी गाडी घेन भाड्यानं. सासऱ्याला न्यायचा हाय."

"जीप करा की."

"येत नाय कोन. आधी येत व्हते. आता म्हनतात, त्या घरातला पॅशिंजर नको."

तेही माझ्यामुळेच. पोलिसांनी गाडी धरली म्हटल्यावर गावाच्या भीतीवर सरकारी शिक्का बसला होता. "रिपोर्ट येऊ द्या, मग बघू," मी म्हणालो.

एका संध्याकाळी जीपमधून त्याच फाट्यावरून जात होतो. चालकाने आत वळायला इंडिकेटर दिला. टिक, टिक, टिक. मी त्याला जीप बाजूला घ्यायला सांगितलं. सरळ जाणारा माणूस दांडीला हात कशाला लावेल? फाट्यावर काच पुसली गेली, म्हणजे ती फाट्यावर वळत होती. म्हातारा मेला तो पुढे, सरळ रस्त्यावर. जिच्यावरून मी तिला धरलं होतं तीच खूण तिला सोडवत होती.

मी तसाच वाडीत गेलो. म्हातारी ओट्यावर बसून डहाळीची पानं खुडत होती.

"आजी, ती पांढरी गाडी कुठे गेली?"

"वळली ना आत. गावाकडं."

"मग जबाबात का नाही सांगितलं?"

"तुमी इचारला का, कुठं गेली? तुमी इचारला, कशी व्हती." ती पानं खुडतच राहिली. "मी भ्याले, डोले झाकले. मागनं दुसरी आली असंल. मला काय दिसला?"

त्याच दिवशी पुरवणी जबाब लिहून त्या परदेशी सुनेचे कागद परत करता आले असते. मी केलं नाही. शाबासकी मिळालेला तपास आपल्याच हाताने खोडायचा, मनाला होईना. रंगाचा रिपोर्ट आला की आपोआप सुटेल, मला काही बोलावं लागणार नाही, असा हिशेब केला. तपास चालू आहे असं डायरीत लिहीत राहिलो. बाकावर ती दिसली की मागच्या दाराने गस्तीला निघायचो.

रिपोर्टच्या आधी शहापूरकडून खबर आली. आटगावजवळच्या एका गॅरेजात विटांचा टेम्पो फुटका दिवा बदलायला आला होता. फाट्यापुढे म्हाताऱ्याला उडवल्याचं चालकाने पहिल्या चौकशीतच कबूल केलं. मी मुद्देमालातून तिचे परवाने सोडवले आणि ते घेऊन स्वतः गावात गेलो.

घराला कुलूप होतं. शेजारीण म्हणाली, "म्हातारा गेला. सुजला व्हता, दम लागायचा. ती बैलगाडी मागत फिरली, बैलगाडी. दिवस करून ती गेली आपल्या देशात."

परवाने मी टपालाने पाठवले. सोबत छापील पत्र गेलं. त्यात दिलगिरीची ओळ नसते.

शेजारणीने तिचा तिकडचा नंबर दिला होता. निवृत्तीनंतर बऱ्याच दिवसांनी मी तो एकदा लावला.

"कोन?" तोच धसईचा आवाज. ती गाडीत असावी, इंजिन ऐकू येत होतं. मग काचेवर काहीतरी घासल्याचा आवाज आला. खर्र. एकदाच. तिकडे पाऊस असेल. किंवा ती वळत असेल, आणि आता तिचा हात इथला झाला असेल. "कोन हाय? बोला ना," ती म्हणाली. आणि मग जरा बाजूला, दुसऱ्या कुणाला सांगावं तसं, "कोन बोलत नाय रे."

मी फोन ठेवला.

नोकरीने मला पुष्कळ शिकवलं. साक्षीदाराला गाडी कशी होती हे विचारावं आणि कुठे गेली हेही विचारावं, हे या प्रकरणाने शिकवलं. नव्या अधिकाऱ्यांना मी ते सांगतो. कुणाकडून शिकलो, ते सांगत नाही. त्या दिवशी फोनवर बोलायचं म्हणून मी जे पाठ केलं होतं, ते असं होतं: बाई, तुम्ही वळला होता, हे मला कळलं होतं. तुम्ही बाकावर बसला होता तेव्हाच कळलं होतं. मला माफ करा.